लेकरांना घरीच शिकवायचं ठरवलंय: कागदपत्रं, अभ्यास आणि दहावीची वाट, सुरुवात कुठून करावी?

तेरणाकाठ (औसा तालुका)

नमस्कार. दोन लेकरं आहेत. मुलगी सात वर्षांची, पहिली झाली. मुलगा अकराचा, पाचवी झाली. दोघंही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत होती. आम्ही शेतवस्तीवर राहतो. जूनपासून दोघांना घरीच शिकवायचा विचार पक्का आहे. नवरा-बायको दोघंही बारावी शिकलेलो, इंग्रजी बेताचं. विचारायचं असं:

शाळेतून नाव काढलं तर कायद्यानं काही अडचण येते का? टीसी आत्ताच घ्यावी का? दिवसाला किती तास शिकवावं? मुलीला अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत आणि वजाबाकी कच्ची आहे. मुलाला गणित येतं, पण पुस्तकाबाहेरचं उदाहरण दिलं की अडतो. दहावी कुठून द्यावी? शाळा चांगली की घर चांगलं हा वाद नको, तो घरात करून झालाय. करायचं कसं तेवढं सांगा.

---

गोदातीर (परभणी)

आधी कागद, मग अभ्यास. हा क्रम उलटा झाला की पुढं दहावीच्या वर्षी धावपळ होते.

कायद्याचं असं आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा वयाच्या लेकरांसाठी आहे. त्यातलं कलम १० सांगतं की मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य. मात्र हे कर्तव्य पाळलं नाही तर पालकाला अमुक दंड, अमुक शिक्षा असं त्या कायद्यात कुठंही लिहिलेलं नाही. घरी शिकवण्याला स्पष्ट परवानगी देणारं कलमही नाही. म्हणजे बंदीचा शिक्का नाही आणि मान्यतेचाही नाही, हे डोळे उघडे ठेवून स्वीकारा. घरशाळेची कुठं नोंदणी करून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. तशी सरकारी नोंदणी नसते.

याच कायद्यातलं कलम ४ तुमच्या कामाचं आहे. सहा वर्षांवरचं लेकरू शाळेत नसेल किंवा मध्येच सुटलं असेल, तर त्याला परत घेताना वयाला साजेशा वर्गात घ्यावं लागतं. टीसी यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे कलम ५ मध्ये आहे. चौदा पूर्ण होईपर्यंत परतीची वाट उघडी आहे. दोन वर्षांनी वाटलं की जमत नाही, तर गावातल्या शाळेत सरळ जाता येईल. हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना जरूर सांगा, त्यांची निम्मी काळजी मिटते.

शाळेतून घ्यायचे कागद:

१. टीसी. मूळ प्रत नीट ठेवा, चार झेरॉक्स काढा. घेताना तिथंच उभं राहून नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, जात हे सगळं जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. आडनावातला एक र्‍हस्व-दीर्घ चुकला तरी पुढं शपथपत्रं करत बसावं लागतं. शाळेत असतानाच दुरुस्ती सोपी जाते.

२. निर्गम उतारा. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातल्या नोंदीची सही-शिक्क्याची प्रत. टीसी गहाळ झाली तर हाच आधार.

३. आजवरची प्रगतिपुस्तकं. मुलाचं पाचवीचं खास जपून.

४. पेन नंबर. युडायस या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत प्रत्येक विद्यार्थ्याला हा अकरा आकडी क्रमांक मिळालेला असतो. नाव काढल्यावर त्या नोंदीत लेकरू 'ड्रॉपबॉक्स' मध्ये जातं आणि नवी शाळा याच नंबरानं त्याला ओढून घेते. नंबर जवळ नसला की दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना फोन करत बसावं लागतं.

नाव काढताना अर्जात कारण खरं लिहा: 'पाल्यास घरी शिक्षण देणार आहोत.' स्थलांतर वगैरे लिहू नका. त्या अर्जाची पोच घ्या.

आणि एक. शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण होतं तेव्हा गावातले गुरुजी-बाई दारात येतील. त्यांचं ते काम आहे आणि ते चांगलं काम आहे. ऊसतोडीला गेलेल्या किती लेकरांची शाळा अशा फेऱ्यांमुळंच परत सुरू होते. चहा द्या, लेकरांच्या वह्या दाखवा, जे चाललंय ते सांगा. वाद घालू नका.

---

अंबाजोगाईकर

तेरणाकाठ ताई/दादा, एक सुचवू का? नाव शाळेतच राहू द्या ना. मुख्याध्यापक ओळखीचे असतात, हजेरी लागत राहते, परीक्षेपुरतं लेकरू नेऊन बसवायचं. खेड्यात असं चालतं.

---

गोदातीर (परभणी)

दादा, हे नकोच. गैरहजर लेकराची हजेरी लावली तर ती खोटी नोंद आहे आणि निस्तरावी लागते शिक्षकाला. तपासणीत सापडलं की नोकरीवर येतं. पोषण आहाराची ताटंसुद्धा त्याच हजेरीवर मोजली जातात, तिथंही हिशेब खोटा होतो. आणि लेकराला काय शिकवलं आपण? नाव ठेवायचं तर लेकरू पाठवायचं. नाहीतर सरळ टीसी घ्यायची. तिसरी वाट चांगली नाही.

---

बालाघाट_शिकवण

मुलीचं सविस्तर लिहितो. पहिली-दुसरीच्या वयात वाचन आणि संख्या या दोनच गोष्टींवर जोर द्या. बाकी सगळं बोलण्यातून, गोष्टींतून, शेतातून येऊ द्या.

वेळ. कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि ८०० तास ठरवलेत, म्हणजे दिवसाला चार तास. ते भरलेल्या वर्गासाठी. समोर एकच लेकरू असताना सात वर्षांच्या मुलीला सव्वा तास पुरतो: वाचन पंचवीस मिनिटं, मधे पाणी प्यायला सुट्टी, संख्या पंचवीस मिनिटं, मग लेखन पंधरा-वीस मिनिटं. हे रोज, रविवार सोडून. घरशाळा बिघडते ती याच ठिकाणी. पहिल्या आठवड्यात हौसेनं चार तास बसवतात, तिसऱ्या आठवड्यात लेकरू वही बघून पळायला लागतं. कमी बसवा, पण खंड पडू देऊ नका.

वाचन. जोडाक्षरं येत नाहीत असं वाटतं तेव्हा बऱ्याचदा काना-मात्राच कच्च्या असतात. आधी तपासा. वीस साधे शब्द लिहा, प्रत्येक मात्रा दोनदा येईल असे: कान, पाटी, किडा, चुना, मूठ, केळ, बैल, मोर, चौक, आंबा... वीसातले अठरा न अडखळता वाचले तरच पुढं जा. जिथं अडली तीच मात्रा चार दिवस घ्या, बाकीच्या सोडून द्या.

पहिली वेलांटी लेकरांना छळते. ती लिहितात आधी, बोलतात नंतर. म्हणून 'किडा' ला 'इकडा' वाचतात. उपाय सोपा आहे: बोट आधी अक्षरावर ठेवायला लावा, अक्षर म्हणा, मग डावीकडं वेलांटीवर या. आठवड्यात बसतं.

अगदी सुरुवातीपासून करावं लागलं तर अ पासून ज्ञ पर्यंत मुळाक्षरं पाठ करून घेऊ नका. सहा अक्षरं घ्या: न, म, र, क, ल, ब. एवढ्यातच रबर, कमल, कलम, नकल, मन, मलम वाचता येतात. काना जोडला की कान, नाक, काम, मामा, बाबा, नाला, माल. पहिल्या पंधरा दिवसांत लेकरू 'बाबा, काम करा' हे वाक्य स्वतः वाचतं. ञ आणि ङ ला काही घाई नाही.

जोडाक्षरांचे गट पाडून शिकवा, सगळी एकत्र टाकू नका:

उभा दांडा गळणारी: म्ह, स्त, ल्ल, च्च, न्य. ही सोपी. म्हैस, पुस्तक, गल्ली असं बोलत बोलत. दहा दिवस.

एकाखाली एक किंवा पाय मोडणारी: ट्ट, ड्ड, द्ध, द्य. पट्टी, खड्डा, दूध-शुद्ध, विद्या. इथं छपाई वेगवेगळी दिसते म्हणून लेकरू गोंधळतं. दोन्ही रूपं शेजारी लिहून दाखवा.

र ची चार रूपं: रफार (सूर्य, कर्म), चंद्र-प्रकाश मधली तिरपी रेघ, ट्रक-ड्रम खालचं टोक, आणि आपल्या मराठीतला ऱ्य (दुसऱ्या, तुऱ्याची). याला सर्वांत जास्त वेळ द्या. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. ही जोडी वाचून अर्थ सांगता आला की र जमला समजा.

आपल्याकडच्या बोलीबद्दल. घरी आपण पानी, लोनी, न्हाई, व्हतं म्हणतो. लेकरू तसंच लिहिणार. त्याला 'गावंढळ' म्हणू नका, बोलणं थांबेल. आपण असं बोलतो, पुस्तक असं लिहितं, एवढंच सांगा. मग ण आणि ळ चे दहा शब्द रोज श्रुतलेखनाला घ्या: पाणी, लोणी, आणि, कण, शाळा, काळा, डोळे. अडीच-तीन आठवडे. श्रुतलेखन करताना तुम्ही स्वतः ण स्पष्ट उच्चारा, नाहीतर लेकराची चूक नसते.

संख्या. मराठीत एकवीस म्हणताना एक आधी येतो आणि लिहिताना दोन आधी. म्हणून लेकरं २१ ला १२ लिहितात. यात मंदपणा काही नाही, भाषेची घडणच तशी आहे. याच अडचणीपायी २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं होतं आणि मोठा वाद झाला. माझं मत: घरी पहिले दोन महिने दोन्ही म्हणा, 'वीस आणि एक, एकवीस'. नंतर फक्त एकवीस.

त्याहून अवघड एकोणवाले. एकोणपन्नास ऐकलं की 'पन्नास' कानावर पडतं आणि लेकरू ५९ लिहितं. १९ पासून ८९ पर्यंत सगळे 'एक उणे' आहेत, एकटा ९९ सुटतो, तो नव्व्याण्णव. 'एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी' हे शब्दशः फोडून सांगितलं की अडचण जाते. पन्नास काड्या ठेवा, एक उचला, म्हणा एकोणपन्नास.

काड्या कशाच्या? जवारीच्या चिपाडाच्या वीतभर काड्या कापा, १०० लागतात. दहाचे गठ्ठे रबरानं बांधा, दहा काड्या सुट्या ठेवा. वजाबाकी यावरच शिकवा. ५२ − २७ दिलं की कच्चं लेकरू ३५ लिहितं: पाचातून दोन गेले तीन, आणि सातातून दोन गेले पाच. म्हणजे वरचा-खालचा न बघता मोठ्यातून लहान काढलं. वहीत लाल रेघ मारून हे सुधारत नाही. पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या समोर ठेवा. सात उचलायला सांगा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर लेकरू आपणच एक गठ्ठा सोडतं. बारातून सात गेले पाच, चार गठ्ठ्यांतून दोन गेले दोन, २५. असं रोज पाच गणितं, दहा दिवस. मग काड्यांची चित्रं काढून आठ दिवस. त्यानंतरच 'हातचा' हा शब्द. चित्रांची पायरी बरेच जण गाळतात, आणि काड्या बाजूला ठेवल्या की पुन्हा ३५ यायला लागतात.

पाढे दोन ते दहा, रोज एकच, उलटसुलट. पावकी-निमकी (पाव आणि अर्ध्याचे पाढे) तिसरीनंतर जरूर घ्या. बाजारात पावशेर-अर्धा किलोच्या हिशेबाला तीच कामी येते.

सामान: दुरेघी वही दोन, चौकटीची वही एक, पाटी, खडू. बस. पुस्तकं बालभारतीची. पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळतात, छापील हवी तर लातूरलाच भांडार आहे. पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपवर उघडतात, पण मुलीला मोबाइल हातात न देता तुम्ही बघून मग शिकवा.

---

तेरणाकाठ (औसा तालुका)

बालाघाट सर, फार मोलाचं लिहिलंत. वीस शब्दांची परीक्षा आजच घेतली, ै आणि ौ वरच अडली. म्हणजे तुमचं म्हणणं खरं. आता मुलाचं आणि दहावीचं कोणी सांगेल का? त्याला पुढं 'नीट' (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) द्यायचीय असं आत्ताच म्हणतो. लातूरजवळ राहून दुसरं काय म्हणणार.

---

मुक्तशाळा_नांदेड

दहावीच्या वाटा दोन आहेत, नीट समजून घ्या.

पहिली: १७ नंबरचा अर्ज. राज्य मंडळाची दहावी खाजगी विद्यार्थी म्हणून. तुमचं विभागीय मंडळ लातूर. लातूर, नांदेड, धाराशिव हे जिल्हे त्याच्याकडं येतात. बाकीचे मराठवाड्यातले जिल्हे छत्रपती संभाजीनगर मंडळाकडं. अर्ज ऑनलाइन असतो, परीक्षेच्या कितीतरी महिने आधी, पावसाळ्यातच सुरू होतो. दिवाळीनंतर चौकशी केली तर ते वर्ष गेलं. यात मूळ टीसी लागते, म्हणून गोदातीर यांनी वर टीसीवर एवढा जोर दिलाय. पुस्तकं, माध्यम, प्रश्नपत्रिका सगळं शाळेतल्या मुलांसारखंच. मराठी माध्यमाला ही वाट सोयीची.

दुसरी: एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालय. दहावीला वय १४ पूर्ण लागतं. किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी. विषय वेगवेगळ्या खेपेला देता येतात, दोन आत्ता, तीन सहा महिन्यांनी. घरी शिकणाऱ्याला हा मोठा फायदा. उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के.

इथं कुठं चुकतं ते सांगतो. एक, प्रत्येक विषयाला घरून लिहून द्यायचा स्वाध्याय असतो, त्याला टीएमए म्हणतात. त्याला २० टक्के गुण. तो वेळेत न दिल्यानं चांगल्या मुलांचे टक्के पडतात. दोन, विषय निवडताना 'सोपे' निवडतात. गणित आणि विज्ञान न घेता दहावी झाली की अकरावी विज्ञान, डिप्लोमा सगळीकडं अडतं. 'नीट' परीक्षा म्हणताय तर हे दोन पाहिजेतच. तीन, माध्यम. मराठी माध्यम आहे, पण ठरवण्याआधी त्या-त्या विषयाचं मराठी पुस्तक प्रत्यक्ष उघडून वाचून बघा, भाषा मुलाला झेपते का ते कळेल.

नीटबद्दल: मुक्त शाळेच्या मुलांना नीटला बसू न देणारी अट दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये रद्द केली. पण महाराष्ट्रातल्या राज्य कोट्याच्या जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच झालेली लागते. म्हणून एनआयओएसचं अभ्यासकेंद्र महाराष्ट्राबाहेरचं चुकूनही घेऊ नका. सीमेपलीकडचं बिदर किंवा निजामाबाद आपल्याला जवळ वाटतं, तो मोह टाळा.

माझा सल्ला: आठवीच्या वयापर्यंत घरी, मग मुलाला विचारून ठरवा. नीटची ओढ खरी असेल तर अकरावी-बारावीला महाविद्यालयात जाणं बरं. भौतिक, रसायन, जीवशास्त्राची प्रात्यक्षिकं घरात होत नाहीत. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. त्याची पाचवीची परीक्षा दहा वर्षं पूर्ण झाल्यावर आणि आठवीची तेरा पूर्ण झाल्यावर देता येते. मुलानं आठवीची दिली तर हातात सरकारी गुणपत्रिका राहते.

---

पाणलोट (जालना)

मुलगा पुस्तकाबाहेर अडतो म्हणजे त्याला गणिताची रीत येते, पण कुठं कुठली रीत लावायची ते येत नाही. शेतवस्तीवर राहता, हे तुमचं भाग्य. सहावीचं निम्मं गणित घराभोवती पडलंय: दशांश अपूर्णांक, शेकडेवारी, नफा-तोटा, गुणोत्तर.

आडतीची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून मिळणारा हिशेबाचा कागद. गेल्या हंगामातली कुठलीही पट्टी काढा. समजा सोयाबीन ७ क्विंटल ४० किलो, भाव ४,२०० धरला. मुलाला विचारा, एकूण किती? तो बहुधा ७.४० ऐवजी ७ आणि ४० वेगळे गुणत बसेल. ७.४ × ४,२०० = ३१,०८०. मग ६० किलोचा कट्टा धरला तर कट्टे किती लागले? ७४० भागिले ६०, उत्तर १२ आणि बाकी २०. इथं 'बारा पूर्णांक एक तृतीयांश कट्टे' असं लिहिलं तर वही बरोबर आणि व्यवहार चूक. कट्टे तेरा लागतात. हमाली कट्ट्यावर असेल तर तेरा कट्ट्यांची. ती आणि बाकीची कपात वजा करून हातात किती आले ते पट्टीशी ताडून बघू द्या. दर आठवड्याला एक पट्टी पुरे.

सातबारा. दशांश शिकवायला याच्यासारखं साधन नाही. सातबाऱ्यावर १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर. शंभर आरचा हेक्टर, म्हणून दशांश चिन्ह बरोबर चालतं. आपण बोलतो एकर-गुंठ्यात, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. म्हणून '२ एकर २० गुंठे' कोणी २.२० लिहिलं तर ते २.२० नसून २.५ एकर असतं. हा फरक मुलाला स्वतः सापडू द्या, सांगून टाकू नका. मग गुंठा म्हणजे ३३ फूट × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. टेप धरून अंगणात चार खुंट्या ठोकून एक गुंठा आखा. क्षेत्रफळ डोक्यात पक्कं बसतं.

पर्जन्यमापक. जूनच्या आत बसवा. सरळ उभ्या भिंतींचं भांडं घ्या, स्टीलचा डबा चालतो. खाली रुंद वर निमुळती बाटली घेतली तर मोजमाप चुकतं, आणि बाटलीचा तळ खोलगट असतो त्यामुळं पहिले सेंटीमीटर खोटे येतात. झाड आणि भिंतीपासून लांब, उघड्यावर, जमिनीपासून दोन फूट उंच, विटांत घट्ट. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मिलिमीटर मोजायचे, लिहायचे, पाणी ओतून द्यायचं. वेळ बदलली की नोंद निकामी. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. ६०० चौरस फुटांचा स्लॅब म्हणजे सुमारे ५५.७ चौरस मीटर, तर १० मिमी पावसात ५५७ लिटर पाणी. यावरून महिन्याला टाकीत किती साठलं असतं ते काढू द्या. आपल्या महसूल मंडळाचा आकडा पेपरात येतो, तो शेजारी लिहा. चोवीस तासांत ६५ मिमीच्या वर गेलं की अतिवृष्टी धरतात. मंडळाचा आणि आपल्या डब्याचा आकडा वेगळा का, हा प्रश्न भूगोलाच्या चार धड्यांएवढा आहे.

मातीची बाटली. काचेच्या सरळ बाटलीत एकतृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याचा सोडा. पाच मिनिटं हलवा, ठेवून द्या. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दुसऱ्या दिवसापर्यंतही तरंगते. थर पट्टीनं मोजून शेकडेवारी काढायची. काळ्या रानाची एक आणि मुरमाड माळाची एक अशा दोन बाटल्या शेजारी ठेवा. उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा का पडतात त्याचं उत्तर बाटलीतच दिसतं.

फवारणीचं प्रमाणही चांगलं गणित आहे, १० लिटरला २० मिली तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली. पण ते कागदावरच. औषधाच्या बाटलीला लेकराचा हात लागू देऊ नका.

इतिहासाला गाडीभाडं फार लागत नाही. तुमच्यापासून खरोसा लेणी, औशाचा किल्ला जवळ. तेरला प्राचीन तगर नगरीच्या वस्तूंचं सरकारी संग्रहालय आहे. जाण्याआधी पाच प्रश्न लिहून न्यायचे, आल्यावर एक पान लिहायचं. वेरूळला जाल तर मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. वेरूळच्या ३४ लेण्या एका दिवसात उरकू नका. दहावं, सोळावं आणि बत्तिसावं अशी तीनच नीट बघा, बौद्ध, हिंदू, जैन तिन्ही होतात. कैलास वरून खाली कोरत आणलाय, हे मुलाला शिखराकडं उभं राहून दाखवा.

---

तेरणाकाठ (औसा तालुका)

डबा आजच शोधतो. शेवटचे दोन प्रश्न. दोघांना एका वेळी कसं सांभाळायचं? आणि काय शिकवलं याची नोंद कशी ठेवायची, की उद्या कोणी विचारलं तर दाखवता येईल?

---

बालाघाट_शिकवण

दोघांना एकदम शिकवू नका. सकाळी सात ते सव्वाआठ मुलगी तुमच्यासमोर, मुलगा त्या वेळी एकट्यानं करायचं काम करेल: वाचन, कालच्या गणितांचा सराव. साडेआठला पाऊस मोजणं. मग मुलगा दीड तास तुमच्यासमोर, मुलगी बाहेर खेळेल. मुलाचा आणखी एक तास सांजच्याला, इंग्रजी आणि हिंदीसाठी. इंग्रजी तुमचं बेताचं असलं तरी सहावीचं पुस्तक मोठ्यानं वाचा, अर्थ मराठीत बोला, रोज आठ शब्द आणि त्यांची तीन वाक्यं. एप्रिल-मेमध्ये दहाच्या पुढं काहीच ठेवू नका, पत्र्याखाली लेकरू बसत नाही. आणि मुलानं बहिणीला रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची. दोघांचंही वाचन सुधारतं.

सोबत्यांची सोय वेगळी करावी लागते, ती आपोआप होत नाही. शाळा सुटल्यावर गावात खेळायला रोज पाठवा. १७ सप्टेंबरच्या मुक्तिसंग्राम दिनाला, २६ जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला जाऊ द्या, कोणी नाही म्हणत नाही.

---

गोदातीर (परभणी)

नोंदीसाठी दोन वस्तू: एक डायरी, एक बॉक्स फाइल. डायरीत रोज तीनच ओळी. काय घेतलं, कुठं अडलं, उद्या काय. 'गणित केलं' असं लिहू नका, 'हातच्याची वजाबाकी, पाचातली तीन बरोबर, शून्यातून उसनं घेताना चूक' असं लिहा. दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं ते त्यातून कळतं, बाहेरच्याला दाखवणं ही नंतरची गोष्ट.

फाइलमध्ये दर महिन्याला प्रत्येक लेकराची सहा पानं: लेखनाची दोन, गणिताची दोन, एक चित्र किंवा आकृती, एक भेटीचं किंवा प्रयोगाचं पान. प्रत्येकावर तारीख, लेकराच्याच हातानं. नीटनेटकंच पान निवडायचा मोह होतो, तो आवरा. एक चुकांचं पान मुद्दाम ठेवा, तीन महिन्यांनी तेच गणित परत द्या आणि नवं पान त्याच्यामागं लावा. प्रगती दाखवायला याहून भक्कम पुरावा नाही. वाचलेल्या पुस्तकांची यादी शेवटच्या पानावर. सहामाहीला त्या-त्या इयत्तेची बालभारतीची पुस्तकं समोर ठेवून कुठले पाठ झाले त्यावर खूण करा, म्हणजे परत शाळेत घालायची वेळ आली तर कुठल्या वर्गात बसेल ते तुम्हालाच आधी कळेल.

---

पाणलोट (जालना)

एक राहिलं. मेमध्ये शून्य सावलीचा दिवस येतो. तुमच्याकडं मेच्या मध्यावर, नांदेडला तीन-चार दिवसांनी, संभाजीनगरला त्याच्याही नंतर. फूटभर सरळ काठी ओळंब्यानं उभी करा आणि सव्वाबाराला मुलाला टोपी घालून बाहेर आणा, कारण लातूर भागात सूर्य डोक्यावर येतो बारा वीसच्या सुमाराला. बरोबर बाराला बघणाऱ्यांना थोडी सावली दिसते आणि ते परत जातात. दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडा ठेवा, साडेबारापर्यंत. जुलैच्या शेवटाकडं पुन्हा एकदा येतो, पण तेव्हा आभाळ असतं.